शेठची सुटका

तलावावर कासव सोडायला आलेला माणूस प्रेमिलाला लांबूनच ओळखू येई. बादलीवर ओलं फडकं, चेहऱ्यावर पुण्याचं तेज, आणि चाल जरा घाईची, कारण बादली जड असते आणि पुण्य अजून पदरात पडलेलं नसतं. सक्करदरा तलावाच्या पायऱ्यांवर अशी किती तरी माणसं तिनं अडवली होती.

"दादा, हे आपल्याकडचं नाही जी. हा कानामागं लाल पट्टा पाहा. हे दुकानातलं, बाहेरदेशाचं. इथं सोडलं का इथल्या कासवांच्या तोंडचं खाते, त्याइच्या बसाच्या जागा घेते."

कोणी ऐकायचा. कोणी 'तलाव तुमच्या बापाचा हाये काय?' असं विचारायचा. एका बाईनं तर 'मुक्या जिवाचा शाप लागंल तुले' म्हणून तिच्या डोळ्यांदेखत बादली उपडी केली होती. प्रेमिलानं ते मनाला लावून घेतलं नाही. शाप देणारे इतके झाले होते, की त्या बाईचा नंबर यायला बराच वेळ लागणार होता.

दर रविवारी सकाळी ती, तिची मैत्रीण जया आणि वस्तीतल्या चार-सहा बाया काठाला माजलेली जलकुंभी पाण्यातून ओढून काढत. पुढच्या रविवारी जलकुंभी पुन्हा जागेवर हजर. घरी धुण्याचं आणि भांड्यांचंही तसंच असल्यानं प्रेमिलाला त्याचं फारसं नवल वाटत नसे. दमायला मात्र व्हायचं. आता दमणं अंगाला चिकटलं होतं, आंघोळीनंही जात नव्हतं.

त्या रविवारी ती गुडघाभर चिखलात असताना जयानं तिला कोपरानं ढोसलं.

"प्रेमिला, ते पाह्य वं. तुहे मामाजी होय काय?"

पलीकडच्या पायऱ्यांवर गणपतराव होते. तिचे सासरे. उभ्या आयुष्यात विजेचे खांब चढले, आणि आता एकेक पायरी बसून उतरत होते. शेजारी बादली. बादलीवर ओलं फडकं.

"मामाजी!" प्रेमिला ओरडली. "थांबा जी!"

ऐकू गेलं असतं तरी ते थांबले असते की नाही, देव जाणे. ती चिखलातून निघून काठाकाठानं धावत पोचेस्तोवर बादली रिकामी झाली होती. पाण्यावर हळदीकुंकवाचा एक तवंग हळूहळू पसरत होता. पाठवणीच्या आधी म्हाताऱ्यानं कासवाच्या पाठीला टिळा लावला होता.

"सोडलं वं," गणपतराव म्हणाले. "सुटला बिचारा."

प्रेमिलाला धाप लागली होती. शिवाय सासऱ्यावर ओरडायची सवय नव्हती. तिनं नुसती रिकामी बादली उचलली आणि त्यांना हात दिला. बाजूला फिरायला आलेला एक जण हे सगळं बघत होता. मागं कधीतरी तिनं त्यालाही अडवलं असावं.

"काकू," तो म्हणाला, "आमची बादली वापस अन् घरची चालते काय?"

हे कासव घरात आलं तेव्हा रुपयाएवढं होतं. मुलगा शाळेत असताना प्रेमिलाच्या नवऱ्यानं, चंद्रभाननं, ते बर्डीच्या बाजारातून आणलं. वास्तूला चांगलं असतं म्हणे. मुलगा मोठा होऊन पुण्याला नोकरीला गेला, वास्तूचं काय भलं झालं ते कळलं नाही, कासव मात्र ताटाएवढं झालं. गणपतराव त्याला शेठ म्हणत. दिवसभर बसून खातो आणि कोणाच्या बापाला भीत नाही, म्हणून शेठ. पुढे तलावाच्या कामात चार गोष्टी शिकल्यावर प्रेमिलानं शेपूट आणि नखं पाहून सांगितलं, की हा शेठ नव्हे, शेठाणी आहे. गणपतरावांनी ऐकून घेतलं. "असंल," म्हणाले. "पण शेठ म्हंजे शेठ."

आणि शेठाणी होती, हीच तर पंचाईत होती. होळी जवळ आलेली, अंडी घालायचे दिवस. काठाची माती मऊ. शनिवारी घर हलवून सगळे शहराच्या टोकाला बेस्याच्या फ्लॅटमध्ये राहायला जाणार होते. तिथून रोज इतक्या लांब कोण येणार? तेवढ्या दिवसांत शेठ बाहेर निघाला नाही, तर त्याची पोरंबाळंही इथंच निघणार होती.

सोमवारपासून प्रेमिला सकाळ-संध्याकाळ तलावावर. पिंजरा लावला, आत कोंबडीची काळजं ठेवली. रात्रीतून काळजं गायब आणि पिंजरा रिकामा. बुधवारी शेठ दिसला. पाण्यात अर्ध्या बुडालेल्या बाभळीच्या फांदीवर, मान वर करून, घरच्यासारखा ऊन खात होता. ही फांदी इथल्या काळ्या कासवांची. दोन हिवाळे वाट पाहिली तेव्हा कुठं तिला तिथं काळ्या पाठी दिसल्या होत्या. तिच्यासमोर एक काळं कासव कसंबसं वर चढलं. शेठनं मान फिरवली, अंग पुढं रेटलं. काळं कासव पाण्यात पडलं. पुन्हा चढलं. पुन्हा पडलं. मग ते दिसलं नाही.

"तुह्या घरचाच गुंड निंघाला वं," जया म्हणाली. मग प्रेमिलाचं तोंड पाहून तिनं थर्मासमधला चहा पुढं केला. "घे. मले काय, मी बोलतच राहतो."

त्या संध्याकाळी प्रेमिला स्वयंपाकघरातली भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होती. गणपतराव दाराशी खुर्चीवर बसले होते.

"मामाजी, एक काम होतं."

"बोल नं."

"शेठ कोणाच्या हाती येऊन नाही राहिला. तुमी बोलावलं तर येईल."

म्हातारा खुर्चीत सरळ झाला. मग म्हणाला, "माह्या हातानं सोडला, अन् माह्याच हातानं धरू?"

"हो."

"असं नसते वं. सोडलेलं सोडलेलं असते."

"मी तिथं काय करतो ते तुमाले मालूम होतं नं जी? रोज तर जेवताना सांगतो. लोकाइच्या शिव्या खाल्ल्या त्या सांगितल्या. मंग काहून सोडला?"

गणपतरावांनी गुडघ्यावरून हात फिरवला. खिडकीकडे पाहिलं. तिला वाटलं, आता पुन्हा मुक्तीचं काहीतरी सांगतील.

"तू पहाटे उठतं," ते म्हणाले. "चंद्रभानचा डबा, माह्या गोळ्या, माहे हे गुडघे. मंग तलाव. आल्यावर शेठचा टब उपसतं. टब उपसून झाला का तू कमरेवर हात ठेवून भिंतीले टेकतं. मी पाहून राहिलो नं इथं बसून. चंद्रभान म्हने, फ्लॅटात टब कुठं ठेवता. तू काहीच नाही बोलली. म्हनलं, माहं ओझं तर मले कमी करता येत नाही. शेठचं तरी करतो."

प्रेमिलाच्या हातात कुकर होता. तो गुंडाळून झाला होता. तिनं तो पुन्हा एकदा गुंडाळला.

"ओझं कमी नाही केलं जी तुमी," शेवटी ती म्हणाली. "तलावभर केलं."

गणपतराव हसले नाहीत. "मी बोलावला, तो आला. मंग त्याचं काय? माराल त्याले?"

"माह्या हातून होईल काय ते?"

"मंग?"

"बेस्याले येईल आपल्यासंगं. बाल्कनीत."

"तिथं तर मशीन ठेवाची होती नं, कपड्याची?"

"राहू द्या मशीन."

हे तिनं म्हटलं खरं, पण त्या मशीनसाठी तिनं बाल्कनीत नळाचं तोंड काढून घेतलं होतं. मशीनचा रंगसुद्धा ठरला होता.

"तो लई जगते म्हनतेत," गणपतराव म्हणाले. "माह्यामागं?"

"तुमच्यामागं मीच हाये नं. अजून कोण असणार?"

म्हाताऱ्यानं मान खाली घातली. मग म्हणाला, "सकाळी मले उठवजो."

गुरुवारी सकाळी ऊन चांगलं वर आल्यावर तिनं त्यांना पायऱ्यांवर आणलं. एका पायरीवर जया लांब दांड्याची जाळी घेऊन. गणपतराव पाण्यालगत बसले, घरून आणलेली शेठच्या जेवणाची स्टीलची वाटी मांडीवर धरली आणि चमच्यानं वाजवू लागले. टण्, टण्, टण्. मधूनच सुके झिंगे पाण्यात टाकत.

"या शेठ. या, जेवाले या."

फांदीवरचा शेठ घसरून पाण्यात उतरला. थोड्या वेळानं पाण्यावर एक रेघ दिसली, रेघेच्या टोकाला डोकं. येत होता. प्रेमिलानं जयाच्या हातातून जाळी घेतली.

मग जया हळूच म्हणाली, "माय वं."

डाव्या हाताला, जलकुंभीच्या कडेनं, आणखी एक डोकं वर आलं. त्याच्या मागं एक. पुलाच्या बाजूनं दोन. सगळ्यांच्या कानामागं लाल पट्टा. सगळी वाटीच्या आवाजाकडं येत होती, माना ताणून, तोंडं उघडून, लगबगीनं. कधीकाळी कोणाकोणाच्या घरी ह्यांनाही कोणीतरी वाटी वाजवून जेवायला बोलावलं असणार. मग बादलीत घालून इथं आणलं, टिळा लावला, नमस्कार केला आणि घरी जाऊन आंघोळ केली.

गणपतरावांचा हात थांबला.

"थांबू नका जी," प्रेमिला म्हणाली आणि जाळी घालून शेठला उचललं. जड होता. नखं मारत होता, फुसफुसत होता, घरी टब उपसताना करायचा तसंच. तिनं त्याला बादलीत ठेवून फडकं टाकलं. पाण्यातली बाकीची डोकी तिच्याकडं बघत राहिली. ती जायला तयार नव्हती.

"आता ह्याइचं काय?" गणपतरावांनी विचारलं.

प्रेमिला पायरीवर बसली. काळ्या कासवांची फांदी मोकळी पडली होती, आणि ती किती वेळ मोकळी राहील ते समोरच तरंगत होतं. कुठं कुठं फोन करावा लागेल, कोण काय म्हणेल, कोण उद्या करा म्हणेल, हे सगळं तिच्या डोक्यात नेहमीच्या रांगेत येऊन उभं राहिलं. शनिवारी तर ट्रक यायचा होता.

"माह्या गच्चीवर जुनी पाण्याची टाकी हाये," जया म्हणाली. "पण सांगून ठेवतो, साफ मी नाही करणार."

"मी करीन," प्रेमिला म्हणाली. "टोपलं आण घरून. झाकणाचं आणजो."

जया गेली. गणपतराव पुन्हा वाटी वाजवू लागले, पण खांब चढून चढून झिजलेला खांदा त्यांचा. आवाज मंदावत गेला. प्रेमिलानं त्यांच्या हातातून वाटी-चमचा घेतला आणि स्वतः वाजवू लागली. कोण वाजवतंय, ह्याच्याशी कासवांना काही देणंघेणं नव्हतं. ती जवळ येत राहिली.