आज वाफसा नाही

गवताच्या गुंडाळ्या घेऊन वाशीमहून टेम्पो आला, तेव्हा धम्मदीपा विहाराच्या फाटकातच आडवी उभी होती. हातात कुदळ, ओढणी कमरेला खोचलेली, पाय गुडघ्यापर्यंत काळे. पोर दहावीतली, पण उभी अशी की टेम्पोवाल्या बाबूसिंगला हॉर्न वाजवायचा धीर झाला नाही.

"सरक व पोरी," विहार समितीचे अध्यक्ष उकंडराव म्हणाले. "परवा कार्यक्रम हाय. आजच गवत अंथरून रोलर फिरवाचा हाय."

"नाई सरकत, काका."

गेल्या वर्षी अस्संच झालं होतं. पावसाने उघडीप दिली की लगेच ओल्या काळ्या मातीवर रोलर फिरवला अन् वरून गवत अंथरलं. महिन्याभरात गवत पिवळं पडून कुजलं. खापर कुणावर फुटलं? बागेला पाणी घालणाऱ्या लिलाबाईवर, म्हणजे धम्मदीपाच्या आईवर! "बाईले पाणी घालता येत नाई," उकंडराव भर सभेत म्हणाले आणि तिचं काम गेलं. तेव्हापासून लिलाबाई वंदनेला यायची ती सगळ्यात मागे बसायची आणि सगळ्यांच्या आधी निघून जायची. आईने मान खाली घातली होती. लेक घालणार नव्हती.

"या, पाहा." तिने उकंडरावांना आणि जमलेल्या सगळ्यांना विहाराच्या अंगणाच्या मधोमध नेलं. तिथे तिने पहाटेच हातभर खड्डा खणला होता. "सहा वाजता यात दोन बादल्या ओतल्या. आता अकरा वाजले. किती जिरलं?"

सगळे वाकले. पाणी जिथल्या तिथं. एक बेडूक मजेत पोहत होता.

"इथं त म्हैस बसन!" बाबूसिंग हसला.

"तू हासू नको बे," उकंडराव करवादले. "काळी माती म्हंजे सोनं! हिच्यात कापूस होते, तूर होते, गवतालेच काय धाड भरली?"

"मंग आज तुमच्या वावरात वखर घालता का?"

"येडी झाली का? कालच पाणी पडलं. वाफसा कुठं हाय? ओल्यात बैल घातला त ढेकळं दगडावानी होतीन!"

बोलून गेले आणि त्यांची नजर पुन्हा खड्ड्यातल्या पाण्याकडे गेली. वाफसा म्हणजे माती ना चिखल, ना कोरडी, हातात घेतली की भुसभुशीत सुटणारी. त्याशिवाय उकंडराव स्वतःच्या वावरात पाऊलही टाकत नसत. पण विहाराचं अंगण त्यांच्या लेखी वावर नव्हतंच. ते फरशीसारखं सपाट दिसलं की झालं.

धम्मदीपाने मूठभर माती उचलली, तळहातांत वळली, तिची बांगडी केली. बांगडी तुटली नाही. ती तिने उकंडरावांच्या हातावर ठेवली.

"सांगा, वाफसा हाय?"

अख्खं गाव पेरणीआधी ज्यांना विचारायला जातं, तो माणूस मातीबद्दल खोटं कसं बोलणार? त्यांनी बांगडी दाबली. बोटांचे ठसे उमटले, पण एक भेग पडली नाही.

"नाई," ते पुटपुटले. "मंग कराव काय?"

"वाफसा येऊ द्या. मंग वीतभर खणू, शेणखत न् जाडी रेती चांगली कालवू, पाण्याले रस्त्याकडं उतार देऊ. मंगच गवत."

"अन् परवाचे पाहुणे?"

"सतरंजीवर बसतीन! गवतावरच बसू म्हनून कोणी नवस केला का?"

बाबूसिंगने हसतच टेम्पो वळवला. "बोलवान तवा आणतो, काका."

उकंडरावांनी हात झटकले. "बरं. तुह्या मायले सांग, कामावर ये म्हना."

"मी नाई सांगत. भर सभेत बोलले होते नं तुमी? आता तुमीच चाला. पाणी तिचं चुकलं नव्हतं, रोलरनं दाबल्या मातीत ते जिरलंच नाई, हे बी तुमच्याच तोंडानं सांगा."

"लय तोंड झालं तुले!"

"झालं नं!"

उकंडरावांनी चप्पल पायात सरकवली. धम्मदीपा खांद्यावर कुदळ टाकून त्यांच्या पुढे निघाली आणि गल्लीतली सगळी दारं उघडतील एवढ्या आवाजात ओरडली, "आई, बाहीर ये व! उकंडकाका आले. तुह्याशी बोलाचं हाय त्याइले!"