तपकिरीच्या डबीतलं मलम

मी गोजराबाईंची डबी बोलतेय. पितळेची, गोल, मुठीत मावेन एवढी. झाकणावर मोर कोरलेला आहे आणि मोराची मान जराशी वाकडी आहे, कारण सिन्नरच्या ज्या तांबटानं मला घडवलं, त्याला नेमकी मान कोरतानाच शिंक आली. असं गोजराबाई सांगतात. मला विचाराल तर त्याला मोर काढताच येत नव्हता. पण तपकिरीच्या डबीला शिंकेची गोष्ट शोभून दिसते, म्हणून मी कधी वाद घातला नाही.

गोजराबाईंनी मला जत्रेत घेतलं तेव्हा त्यांचे केस काळेभोर होते. तेव्हापासून मी त्यांच्या कमरेच्या चंचीत. सकाळी उठल्यावर एक चिमूट, जेवणानंतर एक आणि कुणाशी मतभेद झाला की एक. मतभेद रोजच होत, त्यामुळे मला कामाची कधी वाण पडली नाही. मी त्यांच्याबरोबर लग्नं पाहिली, बारशी पाहिली, मयतीलाही जाऊन आले. एक पाहून ठेवलंय. स्वतःची डबी घरी विसरणारी माणसं दुसऱ्याच्या डबीतून घेताना चिमूट मोठी घेतात.

गोजराबाईंचा मुलगा मारुती तारापूरला अणुवीज केंद्राच्या बांधकामावर फिटर म्हणून लागला आणि नवापूरला समुद्राकाठी एक खोली भाड्यानं घेऊन राहिला. माहेरी बाळंत झालेली त्याची बायको शैला तान्ह्या सुलूला घेऊन तिथं आली. थंडी सुरू झाली तशा नातीला बघायला गोजराबाई सिन्नरहून निघाल्या, म्हणजे आम्ही दोघी निघालो. वैतरणेच्या खाडीवरून गाडी जाताना त्यांनी एवढं पाणी पाहून हात जोडले, मला उघडलं आणि अशी शिंक दिली की समोरच्या बाकावरचे एक झोपलेले गृहस्थ उठून उभे राहिले.

नवापूरला पोचल्यावर त्यांनी सुलूला मांडीवर घेतलं आणि त्यांचा चेहराच उतरला. पोरीचे दोन्ही गाल लाल, खरबरीत, मधूनच पाझरलेले. कोपराच्या आणि गुडघ्याच्या घड्यांत तीच गत. हात मोकळा मिळाला की ती चेहरा ओरबाडायची. हात धरले तर आईच्या खांद्यावर गाल घासायची. खाजेपायी तिला धड झोप नाही, की धड पिणं नाही.

"हा खारा वारा बाधलाय पोरीला," गोजराबाई म्हणाल्या. "आणि तू ते बोंबील खातेस, त्याचं दूध उतरतंय तिच्या अंगावर. संक्रांत होऊ दे. मग तुम्ही दोघी माझ्याबरोबर सिन्नरला चला. मारुती जेवंल खाणावळीत."

मारुतीनं ताटातून मान वर केली नाही. भाकरी थापता थापता शैलाचा हात थांबला. त्या खोलीत होतं काय? एक चूल, एक फळी, दोन पातेली. पण ती चूल तिनं स्वतः मांडली होती. आयुष्यात पहिल्यांदा ती स्वतःच्या घरात, स्वतःच्या माणसाबरोबर राहत होती. मी चंचीत असले तरी मला सगळं कळतं. मला त्या पोरीची फार कणव आली.

घरमालकीण येसूबाई दारातच बोंबील निवडत बसली होती. तिनं वाऱ्याची निंदा ऐकली आणि ती सरळ आत आली.

"गोजराबाय, वारा बादत असता तर आमची पोरं अशी गुटगुटीत असती काय? आमी काय वारा बांदून ठेवतो?" ती म्हणाली. "तिला डाक्टरला दाखवा. पालघरला बाई हाय, पोरांची. आमची लेक शकू माज्या नातवाला तितंच नेते."

गोजराबाईंनी नाक मुरडलं, मला उघडलं, चिमूट घेतली. पण दुसऱ्या दिवशी पालघरला जायला सगळ्यांत आधी नेसून तयार होत्या त्याच. माणसाचं तोंड एक बोलतं आणि पाय भलतीकडेच चालतात, हे मी त्यांच्या कमरेवरून कितीदा तरी पाहिलंय.

डॉक्टरीणबाई वयस्कर होत्या, गळ्यात तपासायची नळी आणि आवाज मऊ. त्यांनी सुलूला उघडं करून उजेडात नीट पाहिलं. तिच्या पोटावरून हात फिरवला आणि विचारलं, "आंघोळ कशी घालता?"

गोजराबाईंना हाच प्रश्न हवा होता. कढत पाणी, डाळीच्या पिठानं खसाखसा चोळणं, मग पंच्यानं खरखरून पुसणं, मग ओव्याची धुरी, मग लोकरीची कुंची. त्यांनी सगळं अभिमानानं सांगितलं.

"तुमच्या मुलांना हे सोसलं असेल आजी," डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या. "हिची कातडी वेगळी आहे. ती जात्याच कोरडी, ओल धरून ठेवत नाही. याला इसब म्हणतात. कुणाचं हिला लागलं नाही आणि हिचं कुणाला लागणार नाही. आईचं दूध मुळीच तोडायचं नाही आणि आईनं जेवण पोटभर जेवायचं."

मग त्यांनी सगळं सावकाश सांगितलं. पाणी कोमट आणि आंघोळ झटपट. पीठ नाही, साबण नाही. अंग चोळायचं नाही, मऊ फडक्यानं टिपायचं आणि ओलसर असतानाच साधं मलम सढळ हातानं लावायचं, दिवसातून पुन्हा पुन्हा. लाल झालंय तिथं नळीतलं औषधाचं मलम, अगदी पातळ, ते सुद्धा थोडे दिवस आणि आपल्याला विचारून. नखं कापायची. लोकर अंगाला लागू द्यायची नाही, जुनं धुऊन मऊ झालेलं सुती कापड घालायचं. पिवळं पाणी यायला लागलं किंवा ताप आला तर तडक इकडे आणायचं.

"पण बरं होईल ना?" शैलानं विचारलं.

"कमी होईल, मग पुन्हा येईल. आलं म्हणून घाबरायचं नाही आणि गेलं म्हणून मलम सोडायचं नाही. बहुतेक मुलांचं मोठेपणी जातं."

आता माझी पाळी आली. त्या काळी दवाखान्यात जायचं म्हणजे औषधाची बाटली आपली आपण न्यायची. शैलानं घासूनपुसून बाटली आणली होती. पण साधं मलम घट्ट, ते बाटलीत जाणार कसं आणि गेलं तर निघणार कसं? कंपाउंडर म्हणाला, "डबी आणा." शैलानं इकडेतिकडे पाहिलं. गोजराबाई नेमक्या त्याच वेळी मला उघडून चिमूट काढत होत्या.

कंपाउंडरनं माझ्याकडे पाहिलं. शैलानं माझ्याकडे पाहिलं. गोजराबाईंनी मला घट्ट धरलं. एवढ्यात सुलूनं आईच्या कडेवरून गाल ओरबाडला आणि तिच्या बारीक नखाला रक्त लागलं. गोजराबाईंनी रद्दी कागदाचा तुकडा मागितला, माझ्यातली सगळी तपकीर त्यात ओतून पुडी बांधली आणि मला पुढे केलं. "उसनी देतेय. मलम संपलं की माझी मला परत."

कंपाउंडरनं मला उकळत्या पाण्यात टाकलं, सोड्यानं घासलं, पुन्हा उकळलं. असा अपमान माझा जन्मात झाला नव्हता. मग कोरडी करून त्यानं माझ्यात पांढरं, जाडसर, चकचकीत मलम काठोकाठ भरलं. माझ्या पोटात एवढं थंड, एवढं गप्प काही कधी नव्हतं. तपकीर कशी सारखी कुजबुजत असते.

पहिल्याच सकाळी घोटाळा झाला. गोजराबाईंनी अर्ध्या झोपेत उशाशी हात घातला, मला उघडलं आणि सवयीनं चिमूट घेऊन नाकात कोंबली. शिंक काही आली नाही. त्या शिंकेची वाट पाहत तोंड उघडं टाकून बसून राहिल्या. मारुती पाहत होता, शैला पाहत होती. शेवटी मारुतीला हसू आवरेना आणि मग शैलाही पदराआड हसली. गोजराबाई नाक पुसत म्हणाल्या, "नाकाला तर गुण आला बाई. आता पोरीला येऊ दे."

गुण आला, पण हळूहळू. येसूबाईनं आपलं जुनं काळं सुती लुगडं फाडून दिलं. कितीदा धुतलं गेलं होतं कोण जाणे, सायीसारखं मऊ. त्याची लंगोटं झाली, झबलं झालं, हातात घालायच्या पिशव्या झाल्या. शैला सुलूला कोमट पाण्यातून काढायची, टिपायची आणि बोटावर मलम घेऊन कपाळापासून पायापर्यंत लावायची. गालावरची लाली फिकी झाली. सुलू दूध पिता पिता झोपायला लागली. एके दुपारी ती मला दोन्ही हातांत धरून माझ्या मोराला बोळक्या हिरड्यांनी चावत बसली होती. जन्मात कुणी माझे एवढे लाड केले नव्हते.

गोजराबाई मात्र संक्रांतीनंतर निघायचं बोलत राहिल्या. "इथं बरी दिसते, पण वारा तोच ना," त्या म्हणायच्या आणि शैलाचं तोंड पुन्हा एवढंसं व्हायचं.

मग भोगी आली. भोगीला तीळ वाटून अंगाला लावून न्हायचं, हे गोजराबाईंच्या हाडीमासी खिळलेलं. वर्षाच्या सणाला पोर तिळाविना राहिली तर काय म्हणावं? शैला विहिरीवर गेली होती. गोजराबाईंनी तीळ वाटले, कढत पाणी काढलं आणि लाडानं, गाणं म्हणत, सुलूला तिळानं चोळचोळून न्हाऊ घातलं. सारं मायेनं, सारं सणाचं म्हणून.

पाणी पुसून होईतो पोर लालबुंद झाली. गाल, मान, कोपरं, सगळं एकदम पेटल्यासारखं. ती अशी रडायला लागली की येसूबाई हातातलं काम टाकून धावत आली.

मला वाटलं, आता गोजराबाई वाऱ्याला बोल लावतील. पण त्यांनी फळीवरून मला ओढलं, जवळजवळ झाकण उपटलंच. थंड पाण्यात लुगड्याचं फडकं भिजवून त्यांनी पोरीचं अंग हळूच टिपलं. मग त्यांची ती चिमूट घेण्यात तरबेज बोटं माझ्यात बुडाली आणि त्यांनी मलम लावलं. चोळलं नाही, कपाळावर गंध लावावं तसं, ठिकठिकाणी, अलगद. पालघरच्या बाईचं बोलणं त्यांनी अक्षरन् अक्षर लक्षात ठेवलं होतं.

शैला हंडा घेऊन दारात आली आणि तिथंच थबकली.

"शैले," गोजराबाई म्हणाल्या, "हे वाऱ्यानं नाही झालं. माझ्या हातानं झालं."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. शैला त्यांच्याजवळ बसली आणि सुलूच्या हाताला पिशव्या घालता घालता म्हणाली, "आत्याबाई, उतरेल ते. बाई म्हणाल्या होत्या ना, आलं तर घाबरायचं नाही." सासूला धीर देणारी सून मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

बोरन्हाण रथसप्तमीपर्यंत केव्हाही चालतं, म्हणून ते पुढं ढकललं. लाली उतरली आणि मग एका संध्याकाळी अंगणात थाट मांडला. गोजराबाईंनी पोरीसाठी हलव्याचे दागिने केले होते. हार, बाजूबंद, मुकुट, सगळं. हलव्याला असा काटा आला होता की येसूबाई बघतच राहिली. गोजराबाईंनी हार उचलला, सुलूच्या गळ्याजवळ नेला, आणि थांबल्या. मग तो त्यांनी शैलाच्या गळ्यात घातला.

"हिच्या अंगाला टोचेल. तूच घाल. तुझाही पहिलाच सण आहे, स्वतःच्या घरचा."

शैलानं वाकून नमस्कार केला. सुलूनं येसूबाईच्या लुगड्याचं काळं झबलं घातलं होतं. तिच्या डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे तुकडे सांडले आणि आळीतल्या पोरांनी धुमाकूळ घातला. एक बोर टणकन माझ्या झाकणावर पडलं. त्याचा पोचा अजून आहे, मोराच्या शेपटीपाशी.

गोजराबाई एकट्याच परत निघाल्या. शैला त्यांना पोचवायला आली होती. बोईसरच्या फलाटावर गाडी आली. खिडकीशी बसून त्यांनी सवयीनं चंचीत हात घातला आणि मी हाताला लागले. निघण्याच्या घाईत त्यांनी मला तशीच उचलून घेतलं होतं. त्यांनी मला तळहातावर धरून अंगठ्यानं मोराची वाकडी मान पुसली. मला वाटलं, चला, आपण आपल्या घरी. मग गाडी हलता हलता त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि मला शैलाच्या हातात दिलं.

"हिला इथंच ठेव. माझ्या नाकाला पुडी चालते."

त्याला आता तीन हिवाळे झाले. वीज केंद्राचं बांधकाम संपत आलंय, मारुतीच्या खोलीत विजेचा दिवा लागलाय आणि मी फळीवर असते. सुलू घरभर धावत असते. गाल तिचे कधीच साफ झाले. थंडी पडली की मात्र कोपराची घडी खाजते, मग ती चवड्यांवर उभी राहून मला खाली काढते आणि स्वतःच्या हातानं मलम लावून घेते. लावण्याआधी ती माझ्या झाकणाच्या खाचेशी नाक नेते. कंपाउंडरनं कितीही उकळलं तरी त्या खाचेत तपकिरीचा थोडासा वास राहिलाय.

तुमच्या घरी असं तान्हं असेल तर माझं एवढंच ऐका. हात हलका ठेवा आणि धीर सोडू नका. मला घासायचं तर चिंचेनं घासा, पण त्या खाचेत फार खोल जाऊ नका. दर संक्रांतीला गोजराबाई येतात, सुलू तिळगुळासाठी हात पुढं करते, आणि त्या तिळगूळ बाजूला ठेवून तो हात उजेडाकडे वळवतात, कोपर बघतात आणि मागं न पाहताच म्हणतात, "शैले, डबी आण."