कानातला कापूस

सगळी वस्ती त्याला तयारमिस्त्री म्हणायची. नाव चिकटलं ते त्याच्या बोलण्यामुळे. दाराला बिजागरी ठोकता ठोकता तोंडातले खिळे हातावर काढून तो घरमालकाला सांगायचा, "प्रभू यायच्या बेतात आहे, तयार राहा." आणि परत खिळे तोंडात टाकून ठोकाठोक सुरू. घरमालकही मान डोलवायचा, कारण बिजागरी मात्र अशी बसायची की दार पुढे कधी कुरकुरायचं नाही.

आठवड्याच्या वरचं काम तो अंगावर घेत नसे. स्टूल, खिडकीची चौकट, मोडक्या खुर्चीचा पाय, फार तर एखादं दार. कपाट म्हटलं की हात जोडायचा. कपाट अर्धं असताना प्रभूच्या येण्याचा कर्णा वाजला आणि विश्वासणारे एका क्षणात वर उचलले गेले, तर दिलेला शब्द खोटा पडेल, हे त्याचं म्हणणं. त्यापायी चांगली चांगली कामं रस्त्यापलीकडच्या सुताराकडे गेली. त्याच्या स्वतःच्या घरात तर बघायलाच नको. कपडे पेट्यांत, भांडी खोक्यांवर. त्याची बायको शेजारणींना सांगायची, "या की बसायला. फक्त येताना आपापली खुर्ची घेऊन या."

मुलगा जन्मला तेव्हाही हेच. त्या वर्षी कुणी पाहुणे उपदेशक आले होते, त्यांनी युद्धं, भूकंप, दुष्काळ सगळं शास्त्राशी जुळवून दाखवलं, आणि मिस्त्रीची खात्रीच पटली की आता काही खरं नाही. मग पाळणा कशाला करायचा? पोरगं खिळ्यांच्या रिकाम्या खोक्यात झोपलं, त्यातच रांगायला लागलं. आता ते पोरगं स्वतः बाप व्हायला आलं होतं, पण बायकोच्या मनातून ते खोकं काही गेलं नव्हतं.

मनाने मात्र मिस्त्री लोण्यासारखा. रोज पहाटे अंथरुणातच गुडघे टेकून तो एकेकासाठी प्रार्थना करायचा. बायकोची त्याला चिंता नव्हती, तिला तिच्या हातच्या भाकरीवरही स्वर्गात आत घेतील. मुलाची होती, कारण तो उपदेश सुरू झाला की डुलक्या काढायचा. आणि सगळ्यांत जास्त होती सुनेची. ती ज्या घरातून आली होती तिथली माणसं कुणाचं लग्न असल्याशिवाय चर्चची पायरी चढत नसत. पोरगी गुणी, हसरी, पण प्रार्थनेत मध्येच डोळे उघडून चुलीवरच्या दुधाकडे बघायची. कर्णा नेमका तेव्हाच वाजला तर काय, म्हणून तो तिच्या नावाशी दोनदा आमेन म्हणायचा.

या सुनेने एकदा जेवताना त्याच्या ताटात वाढत विचारलं होतं, "बाबा, पाळणा कराल ना?"

मिस्त्रीचा घास हातातच राहिला. तो काही वाईट मनाने बोलला नाही, पण बोलला ते वाईटच. म्हणाला, शेवटच्या दिवसांत पोटुशा बायकांचे आणि अंगावर पिणाऱ्यांच्या आयांचे फार हाल होतील असं प्रभूनेच सांगितलंय, तेव्हा पाळण्याबिळण्याच्या मागे लागण्यापेक्षा तू प्रार्थनेत राहा. बायकोने भाजीचा डाव आपटला. मुलगा खाली मान घालून जेवत राहिला. सून शांतपणे म्हणाली, "मग त्या दिवसांतही बाळं जन्माला येतीलच. त्यांनी झोपायचं कुठे?"

मिस्त्रीने घास परत ताटात ठेवला. आणि त्यानंतर तिने पाळण्याचं नावही काढलं नाही. तिने भांडण केलं असतं तर बरं, असं त्याला वाटायचं. ती मऊच बोलायची, पण दुपट्याची शिवण घालताना तो आला की ती दुपटं उशीखाली सारायची. ते त्याला टोचायचं. त्याच्या दुकानाच्या माळ्यावर एक जुनी, मुरलेली फळी होती, गाठ नाही की चीर नाही. कशाला ठेवलीय हे तो कुणाला सांगत नसे. हल्ली तो कधीकधी ती उतरवायचा, तळवा फिरवायचा, आणि परत वर सारायचा.

दुकान गल्लीच्या टोकाला होतं. रंध्याचं मशीन सुरू केलं की अख्ख्या गल्लीचे दात शिवशिवत, म्हणून मिस्त्री कानांत कापसाचे चांगले दाबून बोळे घालायचा. ते काढायचं त्याच्या कधीच लक्षात राहात नसे. दुपारी जेवायला घरी आला की बायको दारातच त्याचं डोकं धरायची, एक बोळा काढायची, दुसरा काढायची, आणि मगच काय बोलायचं ते बोलायची. लग्न झाल्यापासूनचा हा शिरस्ता. दोघांनाही त्यात काही विशेष वाटेनासं झालं होतं.

त्या दिवशी तो एक दार रंधून घरी आला तर दारात बायको नव्हती.

दार मात्र सताड उघडं. आत स्वयंपाकघरात नळ सुरू होता, पाणी बादलीवरून वाहत होतं. फरशीवर आणखी एक ओल पसरलेली. अर्धा सोललेला बटाटा, शेजारी सुरी, सालाची लांब पट्टी सुरीलाच लोंबत होती. मुलाची एक चप्पल उंबऱ्यात, दुसरी कुठे दिसेना. आणि खोलीच्या मधोमध सुनेचे कपडे, तसेच गोल ढिगात, जणू पोर त्यांच्यातून सरळ वर उचलली गेली असावी.

मिस्त्रीने हाक मारली. त्याची त्यालाच ती दुरून आल्यासारखी ऐकू आली. कुठे पानही हलत नव्हतं. शास्त्रात एका शांततेबद्दल सांगितलंय, स्वर्गात सगळं गप्प होतं ती. ती त्याला आठवली.

तरी त्याने मनाला समजावलं, बाजारात गेली असतील. तेवढ्यात त्याला खोक्यावरचा कप दिसला. कपात बायकोची कवळी होती. मग मात्र बाजाराची आशा संपली. दूधवाल्याला सुद्धा कवळीशिवाय तोंड न दाखवणारी ती बाई, ती दात ठेवून जाईल अशी जागा एकच. तिथे नवं शरीर मिळणार होतं. नवे दात धरून.

तो खोक्यावर मटकन बसला. कर्णा वाजला होता. आणि जन्मभर ज्याची वाट पाहिली तो वाजताना हा गडी मशीनवर दार रंधत होता.

किती वेळ बसला त्याचं त्यालाच कळलं नाही. आपण मागे राहिलो. का राहिलो हे विचारायची गरज नव्हती, ते त्याला ठाऊक होतं. एका पोरीने पाळणा मागितला होता आणि आपण तिला भीती दिली होती. त्याने उठून नळ बंद केला. मग सुनेचे कपडे उचलले, भुसा लागू नये म्हणून आधी हात पुसले, आणि घडी घालायला लागला. घडी घालता घालता त्याचे हात थांबले.

पोरगी पोचली की! डोळे उघडे ठेवून प्रार्थना करणारी, दुधाकडे बघणारी ही पोर पहिल्या हाकेला वर गेली. डुलक्या घेणारा मुलगाही गेला, एक चप्पल टाकून गेला. आणि ते बाळ, ते तर आता कळा न देताच जन्मेल, ज्या घरात कुणी रडत नाही अशा घरात. हाल नाहीत, काही नाही. आता पहाटे कुणासाठी मागायचं उरलं नव्हतं. मिस्त्री कपड्यांची घडी छातीशी धरून रडत होता आणि हसतही होता, आणि मोठ्याने आभार मानत होता. माझी सगळी माणसं आत आहेत, म्हणत होता. मी एकटाच बाहेर आहे, चालेल.

मग तो रस्त्यावर आला. न्हावी कुणाची तरी दाढी करत तोंड हलवत होता, आवाज नाही. पलीकडचा सुतार फळी कापत होता, करवतीलाही आवाज नाही. राहतील असं ज्यांच्याबद्दल वाटलं होतं ते सगळे जागच्या जागी होते. चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंचं घर वाटेत होतं. वस्तीत त्यांच्याइतकं पवित्र कुणी नव्हतं. त्यांचंही दार उघडं, पंखा फिरतोय, सुरांच्या वहीची पानं फडफडताहेत, आणि बाई नाहीत. आता शंकेला जागाच उरली नाही. निदान चर्चच्या पाळकांच्या घराला कुलूप तरी लावून येऊ, म्हणून तो तिकडे वळला.

पाळक मागच्या अंगणात होते. बनियनवर, कोपरापर्यंत फेसात, मोजे धूत होते.

मिस्त्रीने त्यांना पाहिलं. त्याने जाऊन त्यांचे दोन्ही खांदे धरले.

"पाळकसाहेब, तुम्हीसुद्धा राहिलात?"

पाळकांचे ओठ हलले. शब्द काही बाहेर आला नाही. बिचाऱ्याची वाचा गेली, मिस्त्रीला वाटलं. त्याने त्यांची पाठ थोपटली, म्हणाला, धीर धरा, उपदेश चांगलेच होते तुमचे, कुठे कमी पडलं देव जाणे, आता आपण दोघं मिळून काय ते करू. पाळकांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. मग ओला हात पुढे करून त्याच्या उजव्या कानातला कापूस ओढून काढला.

एकदम सगळं जग त्या कानातून आत घुसलं. सायकलच्या घंटा, कुणाचा तरी रेडिओ, करवतीची खरखर, बादलीतला फेस फुटतानाची चुरचुर सुद्धा.

"कोण राहिलं? कुठे राहिलं?" पाळक विचारत होते.

मिस्त्रीने सांगितलं. बटाटा, चप्पल, कपडे, कवळी, ऑर्गनवाल्या बाई, सगळं. पाळकांनी हसू दाबायचा प्रयत्न केला, तो काही साधला नाही. ते मोज्यांच्या बादलीच्या काठाला धरून खाली बसले. तेवढ्यात घरात फोन वाजला. त्यांनी तो फेसाच्याच हाताने बाहेर आणला, ऐकला, आणि मिस्त्रीच्या मोकळ्या कानाला लावला.

मुलगा होता. ओरडत होता. बाबा, होतात कुठे, तुमचा फोन दुकानात वाजून वाजून थकला, मी दारात येऊन हाका मारल्या तर तुम्ही हात केलात की, पुढे व्हा म्हणून. हात केला होता खरा, डोळ्यावरचा भुसा उडवायला. मुलाचा आवाज मध्येच फुटला. "मुलगी झाली, बाबा. दोघी छान आहेत. ऐका." आणि त्याने फोन कुठेतरी पुढे धरला असावा, कारण त्यातून एक किंकाळी आली, बारीक, तापलेली, सगळ्या जगावर रागावलेली. मिस्त्रीने आयुष्यात इतकं सुंदर काही ऐकलं नव्हतं.

पाळकांनी त्याला स्कूटरवर मागे बसवलं. वाटेत त्यांनी मान वळवून फक्त एवढंच म्हटलं, की मिस्त्री, ते पोटुशा बायकांचं तुम्ही पाठ केलंत, पण त्याच्या जरा वर प्रभू त्या सगळ्या संकटांना कळांची सुरुवात म्हणतो ते राहिलंच. कळा कशासाठी येतात? मिस्त्रीने डोळे पुसले. वारा डोळ्यांत जात होता, निदान नंतर त्याने तसं सांगितलं.

दवाखान्याच्या दारात बायको तोंडावर रुमाल धरून उभी होती. तिने आधी त्याचं डोकं धरलं, डाव्या कानातला बोळा काढला, आणि मग तोंड उघडलं. ऑर्गनवाल्या बाई गाडी काढून दुकानासमोर हॉर्न वाजवत राहिल्या, म्हणाली, अख्खी गल्ली बाहेर आली. "तुम्हाला एवढा हॉर्न ऐकू येईना, आणि कर्णा ऐकायला बसलेत."

आत सून उशीला टेकून होती. केस घामाने चिकटलेले, चेहरा थकलेला आणि उजळ. तिच्या कुशीत दुपटं होतं, आज ते उशीखाली सारलेलं नव्हतं. मिस्त्री दोन पावलांवर थांबला.

"मला वाटलं, तुम्ही सगळे वर गेलात," तो म्हणाला. "मी राहिलो."

ती त्याच्याकडे बघत राहिली. "घाबरलात?"

"फार. मग तुझे कपडे दिसले. म्हटलं, माझी पोर पोचली, बाळही पोचलं. मग कसली भीती." त्याने नाक पुसलं. "तुला उगाच घाबरवलं मी. चुकलो."

सुनेने दुपटं जरासं बाजूला केलं. मिस्त्रीने वाकून पाहिलं. मग त्याचा हात आपोआप खिशात गेला आणि टेप बाहेर आली. त्याने ती हळूच बाळाच्या टाळूपासून टाचेपर्यंत धरली. वाढत्या अंगाचं म्हणून हातभर जास्त धरलं. कानामागची पेन्सिल काढून त्याने तळव्यावर आकडा लिहिला.

"लवकर होईल का हो, बाबा?" सूनबाईने विचारलं.

"नाही सांगता यायचं," तयारमिस्त्री म्हणाला, आणि त्याच्या बायकोने दात नसलेल्या तोंडाने आ वासला. "फळी चांगली आहे. घाई करून नासायची नाही. पुढे हिला पलंग लागेल, अभ्यासाला टेबल लागेल. कपाट तर लागेलच."

"आणि मध्येच कर्णा वाजला तर?" मुलाने चिमटा काढलाच.

मिस्त्री टेप गुंडाळत होता. त्याच्या चेहऱ्यावर असं हसू आलं की जणू कुणी जुनं ओळखीचं माणूस दारात दिसावं.

"वाजू दे की," तो म्हणाला. "प्रभूही सुतारच. अर्धा पाळणा बघितला तर म्हणेल, धर तिकडची बाजू, आधी हे पुरं करू, मग निघू."

दुपट्यातून पुन्हा एक किंकाळी उठली. दोन्ही कान मोकळे असलेला तयारमिस्त्री तिच्याकडे वाकला.