जांभळ्या नळ्यांचं शेत

“वास येत नाहीये ना, मला तेच खटकतंय,” फिद्दा आपल्या वहिनीच्या कानात पुटपुटली. मला ऐकू जाईल एवढ्याच हळू.

फिद्दा ही सत्तामची आत्या. सत्तामसाठी माझ्या लेकीला, वत्फाला, मागणी घालायला गावातून अकरा माणसं आली होती. पुरुष तंबूच्या पडद्यापलीकडे, आम्ही बायका अलीकडे. पडदा शेळीच्या केसांचा, जुना. हवं ते सगळं दिसतं.

तंबूमागे वत्फाची ज्वारी. गावाचं सांडपाणी शुद्ध होऊन जांभळ्या नळ्यांतून येतं, थेंबथेंब मुळाशी पडतं. वाण काटक, एवढ्यावर वाळवंटात कमरेएवढं वाढतं. मेंढ्यांना वैरण होते. तीन वर्षांत तिने हे शेत उभं केलं आणि तीन वर्षांत दोन स्थळं ‘उशीर झाला’ म्हणत उठून गेली. कारण त्यांनी सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. खरं सांगते, शेतातून आले की मीही हात दोनदा धुते. वत्फाचं लक्ष नसताना.

पलीकडे सत्तामच्या आजोबांनी, अबू मुतलकनी, कॉफीचा पेला तसाच पुढ्यात ठेवला. रीतच आहे, मागणी मान्य होईपर्यंत पाहुणा पीत नाही. माझे दीर हुलैल म्हणाले, “प्या, अबू मुतलक. ज्यासाठी आलात ते दिलं.”

आता प्यायला हवं होतं. म्हाताऱ्याने पेल्यात डोकावून पाहिलं. खोकला. मग यंदाच्या थंडीचं बोलू लागला.

“प्या की.”

“गरम आहे.”

थोड्या वेळाने, “आता निवली.”

“निवलेली मला सोसत नाही.”

हुलैलनी ती वाळूत ओतली, दुसरी दिली. तीही तशीच राहिली. शब्द दिल्यावरही पेला न उचलणं म्हणजे आमच्यात तो शब्द तोंडावर फेकणं. हुलैलचा हात दाढीवर गेला.

“बाबांचं पोट नाजूक आहे हो,” फिद्दा मला म्हणाली.

“परवाच्या लग्नात अर्धी मेंढी जिरवली की त्यांनी!”

“कुणाकडची होती ती मेंढी?” तिने झटकन विचारलं.

मेंढी आमच्याच कळपातली होती. तेवढ्यात चुलीपासून वत्फा उठली. मी तिची ओढणी धरेपर्यंत पडदा सारून पुरुषांत गेली, आजोबांपुढचा पेला उचलून एका घोटात रिकामा केला.

“आजोबा, कॉफीचं पाणी टँकरचं आहे,” ती म्हणाली. “संडासाचं पाणी ज्वारीला जातं. आणि ते संडास तुमच्याच घरचे आहेत.”