मुक्कामाला राहिलेल्या साहेबाची टोपी

मित्रांनो, मी एक जुनी साहेबी टोपी आहे. अंग भेंडाचं, वरून खाकी कापड. सुदानात, नाईलकाठच्या अत्बाऱ्यात, अंगातलं वारं शांत करणाऱ्या बाई शेखा तय्यिबा यांच्या पेटीत मी राहते. शेजारी तुर्की पाशाची लाल टोपी आणि हबशी सरदाराचा अंगरखा. परके इथे आले नि गेले, पण त्यांचं वारं मागे राहिलं. झारचे, म्हणजे वारं बोलावण्याच्या विधीचे, ढोल वाजले की ते बायकांच्या अंगात येतं आणि आम्हाला बाहेर काढतात.

माझा पहिला धनी रेल्वे कारखान्यातला इंग्रज. कचेरीत तो मला कुणापुढे काढत नसे. संध्याकाळी मात्र शेजारच्या बतूलच्या अंगणात मला मांडीवर ठेवून खाली बसे, आणि ज्वारीची पातळ भाकरी सुक्या भेंडीच्या कालवणात बुडवून बोटं चाटी. मायदेशी जाताना तो मला तिच्याचकडे ठेवून गेला. पुढे बतूलच्या अंगात एक साहेब येऊ लागला आणि मी शेखांच्या पेटीत गेले. तिच्यामागे तो तिच्या नातीच्या, निअमातच्या, वाट्याला आला.

यंदा निअमात बाळंत झाली आणि तिचं अन्नच तुटलं. अंगावरचं दूध आटू लागलं, लेकरू रडून निळं पडे. सासू सकीना बोले, ‘माझ्या हातचं गोड लागत नाही, राणीसरकारांना.’ पण रात्री लेकराला घेऊन येरझाऱ्या तीच घाली.

साहेबच रुसलाय म्हणत शेखांनी झार मांडला. साहेबासाठी टेबल, बिस्किटं, डब्यातले मासे, काटे-चमचे. मला निअमातच्या डोक्यावर ठेवलं. साहेब तिच्या अंगात आला, त्याने टेबलाकडे पाहिलं आणि पाठ फिरवली. पुन्हा ढोल, पुन्हा पाठ. शेखांचाही धीर सुटत चालला.

दमलेली सकीना कोपऱ्यात भाकर-कालवण घेऊन बसली होती. साहेब सरळ तिच्याकडे गेला. मला काढून मांडीवर ठेवलं, जमिनीवर बसला आणि तिच्याच ताटात हात घातला.

सकीना ताट पुढे सरकवत म्हणाली, ‘अगं बाई, हा तर घरचाच निघाला. खा रे भावा, पोटभर खा.’

‘इतकी वर्षं इथलं पाणी प्यायला,’ शेखा हळूच म्हणाल्या, ‘आणि आपण त्याला अजून पाहुणाच समजतोय.’

ढोल थांबले, वारं उतरलं. निअमातने डोळे उघडले आणि स्वतःच्या तोंडाने आणखी एक भाकरी मागितली.

मित्रांनो, आता सकीनाच मला ऊन दाखवते. अंगणात दिसले तर माझ्यावर पाणी उडवू नका. भेंड भिजलं की फुगतं, आणि जेवायला बसताना साहेबाला काढायला टोपी तर हवी ना!