ताईंच्या नावाची पाटी

मित्रांनो, सरकारी कचेरीच्या मागच्या खोलीत, मोडक्या खुर्च्यांच्या आड, भिंतीकडे तोंड करून उभी केलेली जुनी पत्र्याची पाटी म्हणजे मी. माझ्या अंगावर एका बाईंचे नाव आहे. त्याखाली 'नोंदणीकृत कृषी सल्लागार' अशी अक्षरे आणि त्यांचा नोंदणी क्रमांक.

मला रंगवणारा पेंटर मोठा गमत्या होता. "एवढं लांबलचक कोण वाचतंय, ताई? 'झाडांची डॉक्टर' लिहितो. माझाही रंग वाचेल," तो म्हणाला.

ताई हसल्या, पण ऐकेनात. "क्रमांक ठळक काढा. तो मिळवताना नाकी नऊ आलेत माझ्या."

खरेच होते ते. पदवीनंतर त्यांनी एका जाणत्या तज्ज्ञाच्या हाताखाली उमेदवारी केली होती. नोंदणी करणाऱ्या सरकारी परिषदेच्या परीक्षेत एकदा नापास झाल्यावर ती पुन्हा दिली होती. माणसांच्या डॉक्टरांसारखी पिकांना औषध सांगणाऱ्यांचीही नोंदणी हवी, असा आमच्याकडे कायदा होता. ती औषधे म्हणजे शेवटी विषच ना!

ताईंच्या धाकट्या भावाचे बियाण्यांचे आणि कीटकनाशकांचे दुकान होते. तिथल्या भिंतीवर मला टांगले. खाली ताईंचे टेबल आणि त्यावर एक भिंग. लोक पाने, मुळ्या, मातीची ढेकळे घेऊन येत. ताई भिंगातून न्याहाळत, प्रश्नांवर प्रश्न विचारत आणि पुष्कळदा म्हणत, "काही फवारू नका. नुसतं पाणी कमी करा."

भाऊ कपाळाला हात लावी. "ताई, तू अशीच सांगत बसलीस तर मला दुकानात माश्या माराव्या लागतील, त्याही औषधाशिवाय!"

सगळे हसत. ते माझे सुखाचे दिवस होते. येणारी माणसे आधी माझ्याकडे बघत, मग ताईंकडे, आणि निर्धास्त होत.

पुढे ताईंना दूरच्या शहरात प्रयोगशाळेत नोकरी लागली. निघायच्या दिवशी त्या मला काढायला स्टुलावर चढल्या.

"राहू दे ना ती," भाऊ म्हणाला. "नोंदणीवालं माणूस नसेल तर जहाल औषधं विकता येत नाहीत मला. दुकान बसेल माझं. आई माझ्याकडेच आहे, तिचा तरी विचार कर."

ताई स्टुलावर तशाच उभ्या राहिल्या. "माझ्या नावावर कुणाला काही देऊ नकोस. अडलं की आधी फोन कर."

"अगं, हे काय सांगायला हवं?"

त्या खाली उतरल्या. मी भिंतीवरच राहिले.

सुरुवातीला फोन होत. मग ते कमी झाले, मग बंदच पडले. "ताईंशी बोललोय," एवढे म्हटले की काम भागे. ताई सुटीत आल्या की आपल्या खुर्चीवर रचलेल्या खोक्यांकडे बघत. मग माझ्याकडे बघत आणि आईच्या खोलीत निघून जात.

एके दिवशी भाजी पिकवणारी एक बाई पिवळी पडलेली पाने घेऊन आली. तिची सगळी लागवड प्लास्टिकच्या बंद छपराखाली होती. "ताई कुठेयत?" तिने विचारले.

"आत्ताच बोललो त्यांच्याशी," भाऊ म्हणाला. फोनला त्याने हातही लावला नव्हता. लागवड उघड्यावर आहे की छपराखाली, हे त्याने विचारलेच नाही. बंद जागेत कधीच फवारू नये असे औषध त्याने काढून दिले. बाईने माझ्याकडे बघून मान डोलावली आणि बाटली पिशवीत ठेवली.

फवारणी तिच्या नवऱ्याने केली. छपराखालून त्याला उचलून बाहेर काढावे लागले. दवाखान्यातून तो घरी आला नाही.

चौकशीसाठी मला उतरवून परिषदेच्या कचेरीत आणले आणि टेबलाला टेकवून ठेवले.

"हा सल्ला कुणाचा?" अध्यक्षांनी विचारले.

भाऊ पुढे झाला. "ताईचा. फोनवर सांगितलं तिने."

ताईंनी त्याच्याकडे पाहिले. तो खिडकीबाहेर बघत होता.

"मला फोन आला नव्हता," त्या म्हणाल्या. "पण पाटी मीच राहू दिली. तिच्याखाली मी बसत नाही, हे मला रोज माहीत होतं."

भावाचा परवाना गेला आणि त्याच्यावर खटला भरला. ताईंचे नाव नोंदणीतून कायमचे काढून टाकले. खरे बोलल्याबद्दल आईने त्यांच्याशी बोलणे सोडले, असे पुढे कारकुनांच्या तोंडून ऐकले.

त्या दिवशी बाहेर पडताना ताई त्या बाईसमोर थांबल्या. त्यांनी हात जोडले. बाईने माझ्याकडे बोट केले.

"मला फारसं वाचता येत नाही. पण ही पाटी मी अक्षराला अक्षर लावून वाचली होती. घरी जाऊन ह्यांना म्हणाले, घाबरू नका, शिकलेल्या बाईंनी सांगितलंय."

ताई मागे वळल्या आणि माझे तोंड टेबलाकडे फिरवून गेल्या. पुढे मला घेऊन जाण्याबद्दल त्यांना निरोप गेला. त्या आल्या नाहीत.

मित्रांनो, तुम्हीही शिकाल, परीक्षा द्याल, तुमच्याही नावाच्या पाट्या लागतील. त्यांच्यावरची धूळ एखादे दिवशी पुसली नाहीत तरी चालेल. पण ज्या दिवशी तिथून उठाल, त्या दिवशी पाटी काढून बरोबर घेऊन जा. मागे कुणाच्या हाती ठेवू नका. सख्ख्या भावाच्यासुद्धा नाही.