फ्रिडाचे बूट

आमच्या घरात दोन आजार आहेत. माझ्या आजाराचं नाव लांबलचक आहे, त्यात स्नायू एकेक करून कायमचे संपावर जातात. आईच्या आजाराचं नाव छोटं आहे: "छान चाललंय." स्वयंपाकघराचं छत गळत होतं तेव्हासुद्धा शेजारणीला दारातच अडवून, बादली पायानं मागे सारत ती म्हणाली होती, "छान चाललंय गं."

आणि त्या मंगळवारी फ्रिडा सोंदेरलुंड येणार होती, माझ्या मदतीचे तास ठरवायला.

अठरावं संपत आलं की फ्रिडाचं सरकारी कार्यालय सगळं नव्यानं मोजतं. उठवणं, आंघोळ, कपडे, शी-शू, भरवणं, कशाला किती मिनिटं. पुरेशी भरली तर मायवोर माझ्याकडे राहणार. मायवोर साठीची आहे, पूर्वी बस चालवायची, आता मला चालवते. नाही भरली तर गावाबाहेरच्या निवासात माझ्यासाठी एक खोली तयारच आहे. तिथे सहा जणांना मिळून दोन माणसं, आणि झोपायचं साडेसातला, कारण आठला त्यांची पाळी बदलते. साडेसातला! यंदा मी शाळेच्या वादविवाद संघात आहे, आमचा सरावच आठला सुटतो. दोन वर्षांपूर्वी मी वर्गात हजेरी द्यायलाही लाजायचे. आता मला गप्प बसवायला शिक्षकांना टेबल बडवावं लागतं. ही जीभ मी साडेसातला पांघरुणात घालणार नव्हते.

आईनं काय करावं? दालचिनीचे बन भाजले. खिडक्या पुसल्या. मला पलंगावरून उचलायचं यंत्र न्हाणीघरात ढकललं आणि त्यावर टॉवेल वाळत घातले.

"आई, अगं ती यंत्रच बघायला येतेय!"

"असू दे. पाहुण्यांना पसारा कशाला दाखवायचा?"

"पाहुणी नाही ती, वैरीण आहे," मायवोर म्हणाली. "बसमध्ये असल्यांना मी पुढच्या थांब्यावर उतरवायचे."

फ्रिडा बरोबर दोनला आली. सगळ्यांसारखं दारात बूट काढून मोज्यांवर आत आली. डाव्या मोज्यातून अंगठा बाहेर डोकावत होता. त्या अंगठ्यामुळे मला ती पाच मिनिटं बरी वाटली. मग तिनं तोंड उघडलं.

"तिला रात्री झोप लागते का?" तिनं आईला विचारलं.

"ती इथेच बसलीय," मी म्हणाले. "विचार तिलाच."

फ्रिडा हसली, लहान मुलाकडे पाहून हसतात तसं. "हो हो. पण आधी आईकडून ऐकते. आंघोळीला किती वेळ लागतो?"

"जमतं आमचं," आई म्हणाली. "छान चाललंय."

"पन्नास मिनिटं!" मी ओरडले. "आणि केस धुतले तर सत्तर!"

"पण आईला जमतंय म्हणते," असं म्हणत फ्रिडानं लिहिलं. मायवोरनं खुर्चीत चुळबूळ केली. ती खुर्ची बिचारी कण्हली.

मग कॉफी आली. बन घ्यायला कुणीच पुढे होईना. आमच्याकडे पहिला बन उचलणारा हावरट ठरतो, त्यामुळे ताट चौघींच्या मध्ये वाफाळत बसलं. आई म्हणे घे, फ्रिडा म्हणे आधी तुम्ही. आणि इथे मी गाढवपणा केला. मला वाटलं, हिला दाखवतेच, ही 'ती' कोण आहे ते. कोपर टेबलावर टेकवलं, मान खाली नेली, दोन बोटांत बन पकडला आणि चक्क चावा घेतला. दिवसातून एकदा जमतं मला, ते पण नशीब असेल तर.

"वा!" फ्रिडा म्हणाली, आणि लिहिलं. उलटं वाचायची कला मला शाळेत फार उपयोगी पडते. मी मोठ्यानं वाचलं: *स्वतः खाते.*

"अगं, तो एकच घास होता! आज दिवसभर हा हात आता—"

"मी फक्त दिसलं ते लिहिते, इल्वा. आणि निवासाची एवढी धास्ती घेऊ नकोस. तिथे तुझ्यासारखी मुलं आहेत, सोबत मिळेल."

"माझ्यासारखी? वादविवादात जिंकणारी?"

"तास उगाच वाटता येत नाहीत," असं म्हणून ती उठली. आई उठली. आमच्यात पाहुण्याला दारापर्यंत पोचवायचं असतं, म्हणून मीसुद्धा पुढे गेले. आमची दाराजवळची बोळ अरुंद आहे. मी चाकाची खुर्ची घेऊन शिरले की बाटलीला बूच बसल्यासारखं होतं. फ्रिडाचे बूट माझ्या पलीकडे राहिले.

आणि तेवढ्यात हात खुर्ची चालवायच्या दांडीवरून घसरून मांडीवर पडला. मेलेल्या माशासारखा. देवाशप्पथ, नाटक नव्हतं.

"जरा सरकशील?" फ्रिडा म्हणाली.

"नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे हात दांडीवर नाही. तो उचलून ठेवावा लागतो. बन महाग पडला."

फ्रिडा मायवोरकडे वळली. "ठेव ना तिचा हात."

मायवोर स्वयंपाकघराच्या दारात हाताची घडी घालून उभी होती. "मी? तुझ्या कागदात तर ती स्वतः खाते. मग हातही स्वतः उचलेल."

"हा काय पोरकटपणा आहे? माझी तीनला दुसरी भेट आहे."

"माझा आठला सुटणारा सराव आहे," मी म्हणाले.

ती मोज्यांवर तशीच उभी राहिली. अंगठा आक्रसला होता. शेवटी ती वाकली. तिनं मनगट धरलं, हात वर आणला, तो पुन्हा घसरला. परत धरला, जोरात.

"आई गं!"

"अगं, मग धरायचं कसं?"

"कोपराखालून. बोटं आधी सरळ कर. अंगठा वर नको, खाली. आता थांब, श्वास घेऊ दे मला."

बराच वेळ गेला. तिच्या कपाळावर घाम आला, आणि हे फक्त हात ठेवणं होतं.

"आता किती मिनिटं लिहिणार?" मी विचारलं.

"हे मूलभूत गरजांत बसत नाही," ती म्हणाली, आणि केस सारखे केले.

मी खुर्ची मागे घेतली. फ्रिडा बुटांकडे वाकली, पण बूट तिथे नव्हते. आई माझ्या बाजूनं अंग चोरून पुढे गेली होती. तिनं ते चिखलाचे बूट पोटाशी धरले होते, तिच्या धुतलेल्या पांढऱ्या झग्यावर.

"अनेली, माझे बूट," फ्रिडा म्हणाली.

"छान चाललेलं नाही," आई म्हणाली. आवाज इतका बारीक होता की मायवोरनं मान पुढे केली. "मी खोटं बोलले. रात्री तिला चारदा कूस बदलून द्यावी लागते. यंत्र न्हाणीघरात आहे, टॉवेलांखाली. चल, दाखवते."

"ते तुम्ही पत्रानं कळवू शकता—"

"बस खाली," आई म्हणाली. "आधी ते 'स्वतः खाते' खोड. मग बूट."

फ्रिडानं दाराकडे पाहिलं, बाहेरच्या चिखलाकडे पाहिलं, स्वतःच्या अंगठ्याकडे पाहिलं. मग ती टेबलाशी येऊन बसली आणि पेनाचं टोपण काढलं.

आई उभीच राहिली, बूट काही सोडले नाहीत. "लिही," ती म्हणाली. "पहाटे सहा, उठवणं."